पालकाची सही की न्यायाधीशांची परवानगी?

आपल्याकडे १९७१च्या कायद्यानुसार अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते. मात्र तेथे पालक म्हणजे तिचा सांभाळ करणारी व्यक्ती. त्यामुळे कळव्याच्या चाळीत मावशीकडे वाढणाऱ्या मुलीच्या संमतीपत्रावर मावशीची सही चालू शकते, आणि ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८१पासून आईवडिलांची संमती किंवा न्यायाधीशांची परवानगी, असे दोन मार्ग ठेवले. त्यानंतर राज्यातील अल्पवयीनांच्या गर्भपातांची नोंद घटली, पण अनेक मुली शेजारच्या राज्यांत जाऊ लागल्या. ठाण्याच्या मुलीला मुलुंडचा नाका ओलांडून काहीच साधत नाही. कायदा देशभर एकच आहे. तिला अडवते ती घरची भीती, आणि त्यात आठवडे निघून जातात. २०२१च्या दुरुस्तीने अल्पवयीनांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलीने व पालकाने विनंती केल्यास पोक्सोखाली (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली) पोलिसांना द्यायच्या माहितीत डॉक्टरांनी तिचे नाव देण्याची गरज नाही, असेही सांगितले.

घरातच धोका असलेल्या मुलीला न्यायालयाचा मार्ग खरा आधार देतो; इतर मुलींसाठी मात्र अनोळखी न्यायाधीशांपुढे उभे राहण्यापेक्षा मावशीचा हात धरून दवाखान्यात जाणे मला अधिक माणुसकीचे वाटते.