शिळ्या कढीला ऊत म्हणून बसलो आणि दोन वाट्या पिऊन उठलो: बेव्हर्ली हिल्स कॉप, ॲक्सेल एफ

खरं सांगतो, पिक्चर लावताना मोबाईल हातातच होता, म्हटलं वीस मिनिटं बघू नाहीतर झोपू. तिसरा भाग आला होता १९९४ ला, हा चौथा थेट नेटफ्लिक्सवर जुलै २०२४ मध्ये, म्हणजे मधे चक्क तीस वर्षं. त्यात एडी मर्फीनं २०२१ मध्ये अशाच एका जुन्या पिक्चरचा दुसरा भाग काढून आमचा मूड घालवलेला, त्यामुळे अपेक्षा म्हणाल तर शून्याच्या जरा खालीच. दादा तर सोफ्यावर बसतानाच म्हणाला, "काहून लावून राहिला बे, हा म्हातारा आता काय पळणार?"

थोडं मागचं सांगतो. पहिला भाग १९८४ चा, पण आमच्या मोहल्ल्यात तो तीनचार वर्षांनी पोचला, व्हीसीआर भाड्यानं आणून एका रात्रीत तीन कॅसेट संपवायच्या त्या काळात. इंग्रजी आम्हा कोणालाच समजत नव्हतं, पण हा काळा पोरगा कोणालाही बोलून गुंडाळतो आणि गाडीच्या सायलेन्सरमध्ये केळी कोंबतो एवढं बरोबर समजलं होतं. आणि ती हॅरोल्ड फाल्टरमेयरची ट्यून! ती वाजली की आता भाचा म्हणतो, "मामा, हे तर त्या बेडकाचं गाणं." काय बोलणार, २००५ च्या त्या क्रेझी फ्रॉगनं एका अख्ख्या पिढीला आमची ट्यून रिंगटोन म्हणून विकली.

तर चौथा भाग. सुरुवात डेट्रॉइटमध्ये, थंडी, आइस हॉकीची मॅच, चोर पकडायच्या नादात ॲक्सेल, म्हणजे आपला एडी मर्फी, डेट्रॉइटचा पोलीस, बर्फ साफ करायचा भलामोठा ट्रक घेऊन रस्त्यातल्या गाड्या चेपत सुटतो. इकडे नागपुरात बाहेर नुसती उमस, पाऊस येतो म्हणतो आणि येत नाही, कूलर लावला तर अजून चिपचिप, आणि आम्ही तो बर्फ बघून राहिलो. पण मजा बर्फाची नाही. गाड्या खऱ्या आपटतात असं वाटतं राजेहो, आजकालच्या ॲक्शनसारखं सगळं कॉम्प्युटरवर रंगवलेलं दिसत नाही. दिग्दर्शक मार्क मोलॉय, त्याचा हा पहिलाच मोठा पिक्चर, पण ह्या बाबतीत गडी जुन्या वळणाचा निघाला. दहाव्या मिनिटाला मी मोबाईल उलटा करून ठेवला.

स्टोरी पोस्टकार्डावर मावेल. ॲक्सेलची पोरगी जेन बेव्हर्ली हिल्समध्ये वकील आहे, बापाशी अबोला, पोलिसाच्या खुनाच्या एका केसमध्ये ती नको तिथे हात घालते म्हणून तिला धमकी येते, ॲक्सेलच्या जुन्या दोस्ताचा, बिलीचा फोन येतो आणि बाप विमानात बसतो. व्हिलन कोण हे शोधायला डोकं लागत नाही, केव्हिन बेकन पोलिसाच्या पगारात न बसणारे बूट आणि घड्याळ घालून हसत हसत आला की दादा म्हणाला, "हाच." आणि तोच. ह्याबद्दल माझी तक्रार नाही, अशा पिक्चरमध्ये खुनी कोण हे शोधायला कोणी बसतच नाही.

तक्रार आहे ती मधल्या अर्ध्या तासाची. बापलेकीचं तू मला वेळ दिला नाहीस, मी चुकलो, हे तीनतीनदा येतं. जेन झालेली टेलर पेज चांगलं काम करते, तोडीस तोड उत्तरं देते, पण ह्या सीनमध्ये पिक्चर एकदम मालिका होऊन जातो आणि आमच्याकडे नेमकं तेव्हाच सांभारवडी आणि कढी घ्यायला सगळे उठले. कोणाचं काही चुकलं नाही.

आता मला हा पिक्चर का आवडला ते सांगतो. पिक्चर आला तेव्हा एडी मर्फी ६३ चा होता आणि पिक्चर ते लपवत नाही. पहिल्या भागात २३ चा पोरगा होता तो, हॉटेलच्या काउंटरवर मोठ्या मासिकाचा पत्रकार असल्याची थाप मारून, आवाज चढवून रूम मिळवतो, तो सीन ज्यानं पाहिला तो विसरत नाही. इथेही तो हॉटेलात जातो, तसाच सूर लावतो, थाप जमून यायला लागते, आणि मधेच थांबतो. जाऊ द्या, थकलोय, रूम आहे का, असं म्हणून गपचूप पैसे भरतो. मी एवढ्या जोरात हसलो की आतून बायको आली. पन्नाशीला टेकलेल्या माणसालाच कळेल तो सीन, आम्ही पण आता बर्डीच्या बाजारात भाव करत नाही, म्हणेल ते देतो आणि घरी येतो.

बाकी मंडळी पण परत आहेत. बेव्हर्ली हिल्सचा जुना पोलीस टॅगर्ट तिसऱ्या भागात नव्हताच, इथे तो थेट चीफ झालाय आणि नेमका चुकीच्या माणसावर विश्वास टाकून बसलाय. टॅगर्ट झालेल्या जॉन ॲश्टनचं हे शेवटच्या कामांपैकी एक, पिक्चर आल्यावर अडीचतीन महिन्यांत तो गेला, त्यामुळे आता परत पाहताना त्याची कुरकुर जास्तच गोड वाटते. बिली रोझवूड म्हणजे जज राइनहोल्ड मात्र बराच वेळ गायब असतो, ते काही जमलं नाही. पहिल्या भागातला आर्ट गॅलरीवाला सर्ज येतो, दोन मिनिटं येतो, पण वसूल करून जातो.

सगळ्यात भारी म्हणाल तर हेलिकॉप्टर. जोसेफ गॉर्डन-लेव्हिटचा पोलीस पूर्वी पायलट होता, एकदा पाडलंय त्यानं, त्यामुळे आता घाबरतो, आणि ॲक्सेल त्यालाच बसवतो. ते दोघं रस्त्यावरून इतक्या खालून उडत जातात की मला वाटलं आता सदरच्या उड्डाणपुलावर येतात की काय. आणि ते पार्किंगवाल्यांच्या पिटुकल्या गाडीतून पळणं, अगदी महालच्या गल्लीत ई-रिक्षा दामटावी तसं!

पाचपैकी साडेतीन देतो. पहिल्या भागाच्या जवळपास नाही, दुसऱ्याच्या शेजारी उभा राहू शकतो, आणि तिसऱ्यापेक्षा तर पाच हात पुढे. शिव्या बऱ्याच आहेत, आईबाबांसोबत बसू नका.

दोन तासाला दोनतीन मिनिटं कमी, संपला तेव्हा बारा वाजून गेले होते. दादा झोपायला गेला नाही, उलट म्हणाला आता जुना लाव. लावला. हॉटेलचा सीन आला, तो पोरगा काउंटरवर ओरडून राहिला, आणि इतका वेळ मोबाईलमध्ये असलेला भाचा एकदम म्हणाला, "अच्छा, म्हणून तो थकलो म्हणाला होता!"