आजीचं पातेलं आणि भांडी बाजारातली कल्हई

कोजागिरीला बायकोने आजीच्या पितळी पातेल्यातून मसाला दूध गच्चीवर नेलं. सोसायटीतली निम्मी माणसं दूध सोडून पातेल्यातच डोकावून बघत होती. नव्या कल्हईने, म्हणजे आत चढवलेल्या कथलाच्या थराने, आतून आरशासारखं होतं ना. तेव्हापासून चार जणांनी विचारलं, नाशकात आता कल्हई कोण करतं? म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

जुन्या नाशकात, भांडी बाजाराच्या आतल्या एका बोळात हे दुकान आहे. पाटी नाही. बाहेर काळवंडलेली दोन घंगाळं पालथी घातलेली असतात, तीच पाटी समजायची. चारचाकी तिथे जात नाही, दुचाकीही जेमतेम. गाडी खाली गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) लावून चढून या. बुधवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी घाटावर बाजार भरतो आणि गाडी लावायला बोटभर जागा मिळत नाही. दुपारी दीड ते चार दुकान बंद. फोन उचलत नाहीत, त्यामुळे नंबर देऊन उपयोग नाही.

नऊ इंची पातेल्याच्या कल्हईचे माझ्याकडून ३२० रुपये घेतले, पोचे काढायचे ५० वेगळे. महाग वाटेल, पण कथील तांब्यापेक्षा कितीतरी महाग असतं. स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याला आधी कथील दाखव म्हणायचं. हे मी आजीकडून शिकलो.

आमच्या वाड्यात वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा, एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा अक्षय्य तृतीयेच्या आधी. दुसरी खेप पन्ह्यासाठी. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, आणि आजीला कळकलेल्या पन्ह्याइतका राग दुसऱ्या कशाचाच येत नसे. कल्हईवाला अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करायचा, कोळसे पेटवायचा, चामड्याचा भाता जोडायचा. आजी पायरीवर बसून भांडी मोजून द्यायची आणि मग म्हणायची, "कथील वाकव. बोलतंय का बघू." तो कांडी तिच्या कानाजवळ धरून वाकवायचा. करकर असा बारीक आवाज यायचा. शुद्ध कथील वाकवलं की असा आवाज देतं, शिसं मिसळलेलं असलं की तो दबतो. आवाज मनासारखा आला नाही म्हणून एकाला तिने चहा-खारी देऊन परत पाठवलं होतं. पेटवलेले कोळसे तसेच टाकून बिचारा निघून गेला. त्यावर तिने वांगी भाजली.

मी सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे. येणारा माल तपासणं हेच माझं काम, आणि आमच्या इन्कमिंगच्या अर्ध्या चेकलिस्टा आजीसमोर पोरखेळ आहेत.

तर आजी गेल्यावर हे पातेलं सहा वर्षं माळ्यावर पडून होतं. खाली काढलं तेव्हा आतून तांबूस-पिवळं, बुडाला हिरवट डाग. पहिल्यांदा मेन रोडवरच्या एका भांड्यांच्या दुकानात नेलं. त्यांनी हातात घेऊन सरळ काट्यावर ठेवलं. "मोडीत द्या, भाव चांगला चाललाय, त्यात स्टीलचा सेट बसेल." मी पातेलं पिशवीत घातलं आणि बाहेर पडलो. तिथल्या रसवाल्याने या बोळाचा पत्ता दिला.

दुकानात एक म्हातारे चाचा आणि त्यांचा मुलगा, दोघंच. भट्टी तीच, फक्त भात्याच्या जागी विजेचा ब्लोअर. भिंतीवर साधारण माझ्या छातीएवढ्या उंचीवर लाल ऑईलपेंटची रेघ आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गंगेला पूर आला तेव्हा इथवर पाणी होतं, म्हणाले. त्याच्या वरच्या फळीवर गिऱ्हाइकांची भांडी ठेवतात, हे मला आवडलं.

चाचांनी पातेलं दोन्ही हातांत घेऊन गोल फिरवलं. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी एका बाईचं नाव घातलेलं आहे, खाली तारीख, ११-५-५१. ते नाव स्वतःच्या समोर येईल असं पातेलं धरलं, काठावरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "भाऊ, आजी डावखुऱ्या होत्या का?"

मला काही सुचलंच नाही. होती. पण बाहेरच्या कुणाला ते ठाऊक असायचं कारण नाही. तिच्या सासूबाईंनी डाव्या हाताने वाढायला बंदी केली होती, त्यामुळे पंगतीत ती उजव्या हातानेच वाढायची. ढवळायची मात्र डाव्या हाताने, स्वयंपाकघरात पाठमोरी असताना.

चाचांनी दाखवलं. नावाच्या डाव्या बाजूला काठ बोटभर खाली दबलेला आहे. ढवळून झाल्यावर डाव तिथे दोनदा आपटायची, ठक ठक. तो आवाज म्हणजे आमची जेवणाची घंटा होती. मी ते पातेलं हजार वेळा पाहिलं असेल. खाचेचा असा अर्थ काढायला मला जमलं नव्हतं, आणि पगार मला तपासणीचाच मिळतो.

"हा पोचा काढू?" चाचांनी विचारलं. म्हटलं, बाकीचे काढा, एवढा राहू द्या.

मुलाने मग काठावरच्या नावाकडे बोट दाखवलं. "आजींचं का? घासून तुमचं घालून देतो मशिनवर." इथे मला हसू आलं. ते नाव आजीचं नाही, आमच्या घरातल्या कुणाचंच नाही. लग्नानंतर बिऱ्हाड मांडताना नवं भांडं परवडेना, तेव्हा आजीने हे पातेलं याच बाजारातून, मोडीच्या ढिगातून वजनावर उचललं होतं. कुणा अनोळखी बाईच्या लग्नातलं असावं. आम्ही लहानपणी विचारायचो, ही कोण गं? आजी म्हणायची, "असेल कुणीतरी. भांडं नीट वापरलंय पण बाईने." पुढेपुढे ती बाई घरातलीच झाली. आमटी फक्कड जमली की श्रेय आजीचं, आणि मीठ जास्त पडलं की आजी पातेल्याकडे बघून म्हणायची, "आज हिचं लक्ष नव्हतं." आजोबा गंभीरपणे मान डोलवायचे. मी चौथीत जाईपर्यंत ती बाई खरंच रात्री येऊन मीठ टाकते असं मानत होतो.

तर नाव ठेवायला सांगितलं. आणि कथील वाकवून दाखवा म्हटलं. मुलगा जरा चमकला, चाचा मात्र खूश झाले. कांडी कानाशी आणून वाकवली. बोललं.

काम पाहायचं असेल तर थांबा म्हणाले, दुसऱ्या कुणाची परात लावत होते. आधी आम्लाने आणि वाळूने भांडं घासून लख्ख करतात. मग भट्टीवर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर नाकाडोळ्यांत जातो, दम्याच्या माणसाने लांब राहावं. त्या नवसागराने धातूवरचा उरलेला मळ सुटतो, त्याशिवाय कथील धरत नाही. मग कांडी टेकवली की कथील पाण्यासारखं पळतं, आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवून घ्यायचं. शेवटी पाण्यात, चर्रर्र. सगळा खेळ मोजून चार मिनिटांचा. धूर नाकात गेला आणि मी पायरीवर आजीशेजारी जाऊन बसलो. तेवढ्यात मुलाने "साहेब, सरका" म्हणून हाकललं.

आता तक्रारी. चार दिवस सांगून अकरा दिवस लावले. तीन खेपा झाल्या. दुसरी गोष्ट, बाहेरून पॉलिश नको असं दोनदा बजावलं होतं, तरी मुलाने बफिंगला धरलंच. नावाचे ठिपके आधीच झिजलेले, ते आणखी पुसट झाले. तारखेतला शेवटचा एक आता माहीत असणाऱ्यालाच दिसतो. मी चिडलो. त्याने पॉलिशचे पैसे घेतले नाहीत, पण ते ठिपके थोडेच परत येणार? त्यामुळे तुमच्या भांड्यावर जुनं नाव असेल तर त्यावर कागद चिकटवा आणि "हात लावू नये" असं लिहून द्या. नुसतं तोंडी सांगू नका.

भांडं बदललं तर नाही ना, म्हणून मी नेताना आणि आणल्यावर वजन केलं होतं. नेताना २ किलो ३४० ग्रॅम, आणल्यावर २ किलो ३३४. सहा ग्रॅम म्हणजे काजळी, हिरवा थर आणि त्या बाईच्या नावातलं थोडं. आतलं काम मात्र एक नंबर. बोटाने, बॅटरी मारून, सगळं पाहिलं. कुठे गाठ नाही, कुठे पितळ उघडं नाही.

खरी परीक्षा घरी. चिंचगुळाची आमटी केली, काळा मसाला घालून, आणि मुद्दाम चार तास पातेल्यात तशीच ठेवली. कळकली नाही. फोडणी मात्र आजीसारखी वेगळ्या लोखंडी पळीत करून वरून ओतली. ती असं का करते हे लहानपणी कळायचं नाही, वाटायचं चुर्र आवाजासाठी. कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं पातेलं आचेवर राहिलं किंवा तेल कडकडीत तापलं की कल्हई गेलीच. आजीला अंश ठाऊक नव्हते, पळी ठाऊक होती. तारेच्या घासणीलाही हात लावू नका, काथ्या आणि राख बास. चिंच-मीठ फक्त बाहेरून.

बायकोने वाढून झाल्यावर डाव काठावर आपटला, उजव्या बाजूला. आईने काही न बोलता पातेलं थोडं फिरवलं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो बफिंगसाठी. उशिरासाठी नाही, कारण चाचांचं वय पाहता अकरा दिवस म्हणजे लवकरच म्हणायचं. परातीलाही तिथेच नेणार आहे. नाहीतरी जावं लागणारच आहे, पातेल्यावरची झाकणी द्यायची ते विसरले. तिसऱ्या फळीवर आहे, म्हणाले, पुराच्या रेघेच्या वर.