गश्त आणि दर्गा: इस्लाम पोचवण्याच्या दोन वाटा

इस्लाममध्ये चर्चसारखी धर्मप्रचारक नेमणारी मध्यवर्ती संस्था नाही. ‘दावत’, म्हणजे धर्माकडे येण्याचं आमंत्रण, कुणीही द्यावी. मुंबईत तिची दोन रूपं ठळक दिसतात.

तबलीगी जमात १९२०च्या दशकात मौलाना मुहम्मद इलियास यांनी दिल्लीजवळच्या मेवातमध्ये उभी केली. तिचा रोख प्रामुख्याने मुसलमानांवरच असतो: नमाज सुटलेल्याला पुन्हा मशिदीत आणणं. त्यासाठी गटाने बाहेर पडायचं: महिन्याला ३ दिवस, वर्षाला ४० दिवसांचा चिल्ला, खर्च ज्याचा त्याचा. मशिदीतच मुक्काम आणि स्वयंपाक. गश्तीला, म्हणजे दारोदारच्या फेरीला, निघताना कामं वाटली जातात. स्थानिक रहबर (वाटाड्या) दार दाखवतो, बोलतो एकटा मुतकल्लिम (बोलणारा), अमीर (गटप्रमुख) शिस्त राखतो, बाकीचे गप्प. बोलणं थोडक्यात आटोपून मगरिबनंतरच्या (सूर्यास्ताच्या नमाजानंतरच्या) बयानाचं, म्हणजे प्रवचनाचं, आमंत्रण द्यायचं. फिसकटतं ते बहुधा दोन कारणांनी. एक, पंथभेद किंवा राजकारण निघालं की वाद पेटतो, म्हणून ते विषय वर्ज्य. दुसरं, असरनंतरच्या (दुपारनंतरच्या नमाजानंतरच्या) फेरीत नोकरदार माणूस लोकलमध्ये असतो, दाराला कुलूप.

माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) कुराणाचे भाष्यकार. त्यांच्या दर्ग्यात कुणी दार ठोठावत नाही, लोक आपणहून येतात, हिंदूही. डिसेंबरच्या जत्रेत पहिल्या चादरीचा मान मुंबई पोलिसांचा. तबलीगी मंडळींना नवस, कव्वाली खटकते.

नेमाने नमाजाची सवय लावायची तर गश्त जास्त कामाची, कारण तिथे पाठपुरावा आहे. पण परधर्मीयाला इस्लामची ओळख दर्ग्याइतकी सहज दुसरीकडे क्वचितच होते.