प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली

आमच्या सोसायटीत भरलेल्या मोफत आरोग्य शिबिरात एका विक्रेत्याने माझ्या वहिनींच्या हातात धातूची कांडी दिली आणि मिनिटभरात संगणकातून रंगीत अहवाल काढून त्यांची प्रतिकारशक्ती निम्म्यावर आल्याचे सांगितले. वास्तविक पांढऱ्या पेशी किंवा प्रतिपिंडे तपासायची तर रक्त काढावे लागते. कांडी धरून प्रतिकारशक्ती मोजणारे यंत्र अस्तित्वातच नाही.

वहिनींना रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे एक प्रकारचा संधिवात आहे. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तर ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते, म्हणून डॉक्टर मेथोट्रेक्सेट देऊन तिला आवर घालतात. विक्रेत्याने हे औषध शरीर पोखरते असे सांगून बंद करायला लावले आणि गुळवेल व अश्वगंधेच्या चूर्णांचा महागडा संच गळ्यात मारला. पुढे बोटे सुजली, तेव्हा ‘विष बाहेर पडते आहे’ असे उत्तर मिळाले. मला हाच या धंद्यातला सर्वांत धूर्त भाग वाटतो, कारण बरे वाटले तरी श्रेय चूर्णाचे आणि बिघडले तरी तो चूर्णाचाच गुण!

मेथोट्रेक्सेटमुळे वहिनींच्या यकृताची तपासणी आधीपासून नियमित होत असे, म्हणूनच यकृताला इजा झाल्याचे सुचवणारी वाढलेली एन्झाइम्स वेळेत लक्षात आली. डॉक्टरांनी चूर्ण तत्काळ थांबवले. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती, त्यांतील काहींना मधुमेह वा थायरॉइडचा विकार होता. ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी, असा आक्षेप तेव्हा आयुष मंत्रालयाने घेतला होता. परंतु दारात आलेल्या विक्रेत्याच्या पुडीत नेमकी कोणती वेल आहे, हे ग्राहकाला कसे कळावे?

डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक होता आणि ‘सरकारमान्य औषध’ म्हणून तोच दाखवला गेला. तो खाद्यपदार्थाचा परवाना असतो; आयुर्वेदिक औषधावर निर्मितीच्या परवान्याचा क्रमांक वेगळा छापलेला असतो. शिवाय औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४ च्या जादुई उपाय कायद्याच्या यादीत संधिवात आहे, त्यामुळे तो बरा करण्याची जाहिरात करणेच बेकायदा ठरते. पावतीवर मात्र केवळ ‘वेलनेस किट’ लिहिलेले असल्याने विक्रेता हात झटकून मोकळा झाला. आम्ही डबा, पावती आणि तो रंगीत अहवाल जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते.