विंडोज सुरूच होत नाही: रिस्टोअर, रीसेट की नवीन इन्स्टॉल?

कॉम्प्युटर चालू केला की लोगोखाली ठिपके गोल गोल फिरत राहतात आणि पुढे काहीच होत नाही, किंवा थेट निळ्या पडद्यावर ‘चूज ॲन ऑप्शन’ येतं. अशा वेळी जवळच्या दुकानात विचारलं तर बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ कधी कधी ते खरंही असतं. पण तिथवर जाण्याआधी विंडोजमध्येच चार-पाच वाटा आहेत. त्यातली कोणती धरायची हे ठरवताना दोन गोष्टी बघाव्यात. ती वाट फसली तर काय गमवावं लागेल, ही एक. आणि ती बिघडलेल्या डिस्कवरच अवलंबून आहे की बाहेरून येते, ही दुसरी. दुसरीकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. माझ्या मते खरा निर्णय तिथेच होतो.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ बद्दल आहे.

आधी हे बघा: बिघाड विंडोजचाच आहे ना?

पॉवर बटण दाबल्यावर कंपनीचा लोगोसुद्धा दिसत नसेल, नुसत्या बीप वाजत असतील, तर खालचा एकही पर्याय उपयोगाचा नाही. डेस्कटॉप असेल तर प्लग काढून रॅम बाहेर काढावी, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत घट्ट बसवावी. आपल्याकडच्या धुळीत आणि पावसाळी दमटपणात एवढ्यानेही पुष्कळ डेस्कटॉप सुरू होतात.

लोगो येतो पण पुढे ‘नो बूटेबल डिव्हाइस’ दिसतं, तर आधी लावलेले पेन ड्राइव्ह काढा. जुना डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल तपासा. तो संपला की तारीख मागे जाते आणि बायोसमधली (विंडोजआधी कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधली) सेटिंग्ज मूळपदावर येतात. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं हे बदललं की बूट करण्याजोगी डिस्कच सापडत नाही; डिस्क एएचसीआयवर चालवायची की रेडवर (डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती), हे बदललं की विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळा किंवा काळा पडदा दाखवतं. विंडोज धडधाकट असतं, त्याला डिस्क सापडत नसते. इथे फॉरमॅट मारणं म्हणजे सेलच्या किमतीत होणाऱ्या कामासाठी सगळे प्रोग्रॅम घालवणं.

आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कॉम्प्युटर बंद करून ठेवा. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासणारं साधन) चालवणं हा सगळ्यात वाईट सल्ला, कारण मरायला टेकलेल्या डिस्कला ते तासन्‌तास राबवतं.

‘वर्किंग ऑन अपडेट्स’ दिसत असेल तर तो बिघाड नाही. जुन्या हार्ड डिस्कवर हे काम तास-दोन तासही चालतं. पण त्यात लाइट गेली की तो खरोखरच बिघाड होतो. भारनियमनाच्या भागात यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपची निम्मी कहाणी हीच असते.

४८ अंकांची किल्ली

कोणताही पर्याय निवडण्याआधी हे पाहून घ्या. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने बसवली तर हे आणखी सर्रास होतं. मालकाला बहुधा पत्ताच नसतो. मग रिकव्हरीत (विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यांत) शिरलं की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, ४८ अंकी किल्ली मागतो आणि माणूस हबकतो.

ही किल्ली बहुतेकदा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खात्याच्या वेबसाइटवर लॉग इन करून, उपकरणांच्या यादीत बिटलॉकर रिकव्हरी की शोधा. किल्ली मिळाली नाही तर डेटा वाचवण्याचे सगळे मार्ग बंद होतात, दुकानदाराचेही. कॉम्प्युटर धड असताना हे वाचत असाल तर आत्ताच ती कागदावर उतरवून घ्या.

ज्यात फाइल्स जात नाहीत ते पर्याय

सुरू होता होता दोनदा बंद पडलं की विंडोज तिसऱ्या वेळी आपणहून रिकव्हरीत जातं. जात नसेल तर लोगो दिसताच पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा, असं दोनदा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स.

स्टार्टअप रिपेअर सगळे आधी दाबतात, आणि दाबावंही, कारण ते तुमच्या फाइल्सना हात लावत नाही. बूटच्या फाइल्स खराब झाल्या असतील, विशेषतः लाइट गेल्यामुळे, तर ते कामी येतं. पण बऱ्याचदा ‘रिपेअर करता आलं नाही’ एवढंच सांगून हात वर करतं. एकदा करून बघा, फार तर दोनदा. त्याच्याच मागे दुपार घालवू नका.

कालपर्यंत चालत होतं, रात्री अपडेट झालं आणि सकाळी बंद पडलं, असं असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्समधून शेवटचं क्वालिटी अपडेट (दर महिन्याला येणारं नेहमीचं अपडेट) काढा. हा पर्याय लोक विसरतात आणि थेट रीसेटकडे वळतात.

सेफ मोडबद्दल जरा जास्त सांगतो. स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन रीस्टार्ट केलं की ४ दाबून साधा सेफ मोड आणि ५ दाबून इंटरनेटसह सेफ मोड सुरू होतो. सेफ मोड चालला याचा अर्थ विंडोजचा गाभा शाबूत आहे आणि दोष एखाद्या ड्रायव्हरचा, अँटिव्हायरसचा किंवा नव्या प्रोग्रॅमचा आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स निळ्या पडद्यावर अडकली, विमानसेवा कोलमडल्या. ती कंपन्यांची मशिन्स होती, घरची नव्हेत. पण हाताने करायचा इलाज एवढाच होता की सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीत शिरून एक सदोष फाइल पुसायची. फॉरमॅटची गरजच नव्हती. आणि जिथे काम रेंगाळलं तिथे अनेकदा कारण होतं बिटलॉकरची किल्ली.

सिस्टिम रिस्टोअर या गटात माझ्या सगळ्यात आवडीचं. ते विंडोजची सेटिंग्ज, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम आधीच्या तारखेला नेतं. फोटो आणि कागदपत्रं जागच्या जागी राहतात. त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम तेवढे जातात. अशा प्रत्येक साठवलेल्या तारखेला रिस्टोअर बिंदू म्हणतात; एक बिंदू जमला नाही तर दुसरा निवडून पुन्हा करता येतं. अडचण एकच: अनेक कॉम्प्युटरवर सिस्टिम प्रोटेक्शन बंदच असतं, मग परत जायला बिंदूच नसतो. शिवाय असलेले बिंदू कायम टिकत नाहीत. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये जून २०२५ च्या अपडेटनंतर ते जास्तीत जास्त ६० दिवस राहतात.

रीसेट की पेन ड्राइव्हवरून नवीन विंडोज?

वरचं काहीच चाललं नाही, तर खरा निर्णय इथे आहे. रीसेट धिस पीसी सोपं दिसतं. ‘कीप माय फाइल्स’ निवडा, क्लाउड डाउनलोड किंवा लोकल रीइन्स्टॉल निवडा, झालं. क्लाउडला साधारण ४ जीबी डेटा लागतो, पण विंडोजच्या फाइल्स ताज्या मिळतात. लोकलमध्ये डिस्कवरच्याच फाइल्स वापरल्या जातात, आणि त्याच खराब असतील तर रीसेट अर्ध्यात अडकतं. नेट बरं असेल तर क्लाउडच घ्या.

आता ‘कीप माय फाइल्स’चा अर्थ नीट समजून घ्या. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप राहतं. बसवलेले सगळे प्रोग्रॅम जातात: टॅली, ऑफिस, डीटीपीचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचे ड्रायव्हर. काय काय गेलं त्याची यादी डेस्कटॉपवर मिळते, तेवढंच समाधान. आणि ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमधलं तुमच्या जागी उरत नाही. तिथे ब्राउझरचे बुकमार्क असतात, थंडरबर्डमधली मेल असते, कित्येक प्रोग्रॅम आपला डेटा तिथेच ठेवतात. त्यातलं काही विंडोज डॉट ओल्ड या जुन्या विंडोजच्या फोल्डरमध्ये थोडे दिवस सापडू शकतं, पण त्या भरवशावर पुढे जाऊ नये. म्हणजे फाइल्स ठेवणारं रीसेटसुद्धा बॅकअपशिवाय करण्याजोगं नाही.

मग बॅकअप घ्यायचाच आहे आणि प्रोग्रॅम जाणारच आहेत, तर रीसेटचा फायदा काय उरला? पेन ड्राइव्ह लागत नाही, हा. त्या बदल्यात तुम्ही आजारी डिस्कवरच्याच यंत्रणेवर विसंबता. कुलपाची दुसरी किल्ली त्याच कुलूपबंद घरात ठेवण्यासारखं आहे हे.

ही भीती कल्पनेतली नाही. जानेवारी २०२४ मध्ये रिकव्हरीसाठीचं एक अपडेट असंख्य विंडोज १० मशिन्सवर बसेना, कारण त्यांचं रिकव्हरी पार्टिशन (डिस्कवर रिकव्हरीसाठी राखलेला भाग) लहान पडत होतं. ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा अपडेटने विंडोज १० आणि ११ च्या काही आवृत्त्यांवर रीसेटच अयशस्वी व्हायला लागलं; मायक्रोसॉफ्टला १९ ऑगस्टला तातडीची दुरुस्ती काढावी लागली. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या रिकव्हरीत यूएसबी कीबोर्ड आणि माऊसच चालेना. पर्याय डोळ्यांसमोर, पण निवडायला हात नाही. २० ऑक्टोबरला त्याची दुरुस्ती आली, पण जो आधीच अडकला होता त्याला ती कॉम्प्युटर सुरू झाल्याशिवाय कशी मिळणार? पेन ड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या इन्स्टॉलरला यातलं काही बाधत नाही.

म्हणून माझं मत: दुसरा कॉम्प्युटर हाताशी असेल तर रीसेट सोडा, डेटा काढून पेन ड्राइव्हवरून नवीन विंडोज टाका. रीसेट फक्त त्यांच्यासाठी, ज्यांचा डेटा आधीच दुसरीकडे आहे आणि ज्यांना पेन ड्राइव्ह बनवायला कोणताच कॉम्प्युटर मिळत नाही.

| पर्याय | तुमच्या फाइल्स | प्रोग्रॅम | कशावर अवलंबून |
|---|---|---|---|
| सिस्टिम रिस्टोअर | राहतात | नंतर बसवलेले जातात | डिस्कवरचे बिंदू |
| रीसेट, फाइल्स ठेवून | राहतात, ॲपडेटा सोडून | जातात | डिस्कवरची रिकव्हरी |
| पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल | पार्टिशन पुसलं तर जातात | जातात | बाहेरचा पेन ड्राइव्ह |

डेटा बाहेर काढणं

यासाठी विंडोज लागतच नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल उतरवा आणि रूफस या छोट्या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर चढवा. बंद पडलेला कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला की इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघायचा पर्याय मिळतो. तोच घ्यायचा, इन्स्टॉलला हात लावायचा नाही. मग विंडोजची डिस्क उघडून युजर्स फोल्डर, ॲपडेटासकट, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. लपलेले फोल्डर दिसायला कंट्रोल आणि एच दाबा. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर लिनक्सही ती ४८ अंकी किल्लीच मागतो आणि दिली की उघडतो. टॅलीची डेटा फोल्डर, युजर्सबाहेर सी किंवा डी ड्राइव्हवर वेगळी ठेवलेली कामं, हे आठवून आठवून घ्या.

विंडोजचा पेन ड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनतो. किमान ८ जीबीचा लागतो, आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल तर प्रॉडक्ट की शोधत बसू नका. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो अशी तीच एडिशन टाकली की नेट जोडल्यावर बहुधा आपोआप ॲक्टिव्हेट होतं. दुकानातून काम करून घेणार असाल तरी हे सांगा, नाहीतर होमच्या लॅपटॉपवर क्रॅक केलेलं प्रो चढतं आणि तुमचं मूळचं लायसन्स निष्कारण पडून राहतं. ‘डी ड्राइव्हला हात लावू नका’ एवढ्यावरही भागत नाही, कारण डेस्कटॉप आणि डाउनलोड्स सी ड्राइव्हवर असतात. काम सोपवण्याआधी कॉपी तुमच्या हातात असावी.

विंडोज १० वाल्यांना नवीन इन्स्टॉल करताना एक जास्तीचा प्रश्न पडेल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही ठेवली गेली. कॉम्प्युटरमध्ये टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) असेल आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असेल, इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, तर पुन्हा १० टाकण्याऐवजी सरळ ११ टाका. नसेल, आणि काम ब्राउझर, मेल, पीडीएफ एवढंच असेल, तर डेटा काढताना वापरलेल्या त्याच मिंटच्या पेन ड्राइव्हवर ‘इन्स्टॉल’चंही चिन्ह असतं. टॅली किंवा डोंगलवर (लायसन्ससाठी लावायच्या यूएसबी कांडीवर) चालणारं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नका.