ग्रोव्हर: ग्रीनलंडच्या हिमपठारावर चाललेल्या विद्यार्थीनिर्मित सौरयानाचे परीक्षण

तंत्रनिकेतनातील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पाचे मार्गदर्शन करताना गेली काही वर्षे मी एकाच यंत्राचा आराखडा पुन्हा पुन्हा त्यांच्यासमोर ठेवत आले आहे. त्या यंत्राचे नाव ग्रोव्हर: बर्फावर माणसाविना फिरत रडारने हिमाचे थर तपासणारे, उन्हावर चालणारे वाहन. अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या गोडार्ड केंद्रात २०१० आणि २०११ मध्ये उन्हाळी अभियांत्रिकी शिबिरे झाली, त्यांत सहभागी झालेल्या विद्यार्थ्यांनी ते घडवले. बॉयसी स्टेट विद्यापीठात त्यात सुधारणा झाल्या. आणि २०१३ च्या मे-जूनमध्ये ग्रीनलंडच्या हिमपठारावर समिट या संशोधन तळाच्या परिसरात त्याची प्रत्यक्ष चाचणी झाली. नासाने या चाचणीविषयी जाहीर केलेली माहिती आणि त्याच कल्पनांवर आमच्या विद्यार्थ्यांनी केलेले छोटे प्रयोग, या दोन्हींच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे.

मला या यंत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याच्या जन्मकथेत आहे. विद्यार्थ्यांना स्वयंचलित वाहन बांधायचे होते, पण ते आधी बांधून मग त्याचा उपयोग शोधत बसण्याऐवजी ते हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या लोरा कोनिग यांच्याकडे गेले आणि असे वाहन तुमच्या कामाला येईल का, हे त्यांनी विचारले. कोनिग यांचा विषय होता हिमपठारावर दरवर्षी साठणारा बर्फ. ग्रीनलंडच्या हिमाचा जमाखर्च मांडायचा, तर समुद्रात वाहून जाणाऱ्या बर्फाइतकेच पठारावर नव्याने पडून साठणारे हिमही मोजावे लागते. ही जमेची बाजू मोजण्यासाठी रडार एरवी स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीवर, किंवा विमानातून न्यावे लागते. ते रडार वाहनावर बसवावे, असे कोनिग यांनी सुचवले आणि कमी विजेवर चालणाऱ्या लहान रडारांचे जाणकार हान्स-पीटर मार्शल यांना सोबत घेतले. आमच्याकडे प्रकल्पाचा विषय बहुधा हाती असलेल्या सुट्या भागांवरून ठरतो, म्हणून हा क्रम मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगते.

सौरपट्ट्यांसह यानाची उंची सुमारे सहा फूट आहे आणि वजन ८०० पौंड, म्हणजे जवळपास ३६० किलो. चालण्यासाठी त्याला चाके नाहीत. स्नोमोबाइलचे दोन पट्टे काढून तेच खाली बसवले आहेत. बाजारात तयार मिळणारा आणि बर्फावर आधीच पारखलेला भाग उचलण्यात विद्यार्थ्यांनी शहाणपण दाखवले, असे माझे मत आहे. पाठीवरचे रडार रेडिओ लहरी खाली बर्फात सोडते आणि थराथरांवरून परतणाऱ्या लहरींवरून त्या थरांचा अंदाज देते. चिरोट्याचे पदर जसे एकावर एक बसतात, तसे दरवर्षीचे हिम तेथे बसत जाते. जुलै २०१२ मध्ये या हिमपठाराच्या सुमारे ९७ टक्के पृष्ठभागावर बर्फ वितळला होता. ते पाणी पुन्हा गोठून जो कठीण पापुद्रा तयार झाला, तो रडारला ओळखता यावा, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा होती.

आता सौरपट्ट्यांविषयी, कारण या यानाचा खरा अभ्यास तेथेच आहे. कौलारू घराचे दोन पाखे आढ्याशी मिळावेत, तशा त्या उभट उताराने बसवल्या आहेत. आपल्याकडे गच्चीवर पट्ट्या जवळपास आडव्या पाहण्याची सवय असल्याने ही रचना प्रथम चुकीची वाटते. समिटचे अक्षांश लक्षात घेतले, की तिचे कारण उमगते. समिट सुमारे ७२.६ अंश उत्तरेला आहे. २१ जूनच्या भर दुपारीही सूर्य तेथे क्षितिजापासून ४१ अंशांहून वर जात नाही आणि मध्यरात्री तो सहा अंशांवर रेंगाळत असतो. अशा तिरप्या उन्हात आडवी पट्टी कमी उपयोगाची ठरते. त्याशिवाय ताजे हिम अंगावर पडलेल्या प्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकते, त्यामुळे उभ्या पट्टीला वरून ऊन मिळते आणि खालूनही उजेड मिळतो.

हे विद्यार्थ्यांना नुसते सांगून पटत नाही. म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी, सूर्य समोरच्या इमारतीच्या कठड्यावरून जेमतेम वर आला असताना, आम्ही पन्नास वॉटची पट्टी दोन स्टुलांना दोरीने बांधून गच्चीवर उभी केली. पुढच्या जमिनीवर आधी काळी ताडपत्री अंथरली, मीटरवरचा आकडा वहीत लिहिला, मग ताडपत्री गुंडाळून त्याच जागी थर्माकोलच्या पांढऱ्या शीट मांडल्या. आकडा लगेच वर सरकला. मीटर हातात धरलेल्या मुलीने शीट पुन्हा काढायला लावल्या, पुन्हा मांडायला लावल्या आणि तिसऱ्यांदा खात्री झाल्यावरच तो आकडा लिहून घेतला. त्या दिवसानंतर त्या तुकडीत कोणीही आडव्या पट्टीचा आराखडा आणला नाही.

तरीही या रचनेत मला एक उणीव दिसते. ग्रोव्हरच्या पट्ट्यांना दोनच तोंडे आहेत. ध्रुवीय उन्हाळ्यात सूर्य चोवीस तासांत चहूबाजूंनी फिरतो, त्यामुळे यानाचे तोंड सूर्याकडे आले की पट्ट्यांच्या कडाच उन्हासमोर येतात आणि दोन्ही पाख्यांवर ऊन अगदी तिरके पडते. डार्टमथ कॉलेजमध्ये तयार झालेल्या कूल रोबोट या यानाने हा प्रश्न अधिक चांगला सोडवला आहे. त्याला चारी बाजूंनी चार पट्ट्या आणि वर एक, अशी पेटीसारखी रचना आहे, त्यामुळे तोंड कोणत्याही दिशेला असले तरी सूर्य एखाद्या पट्टीला सापडतोच. त्याचे वजनही सुमारे ६० किलो, म्हणजे ग्रोव्हरच्या एक षष्ठांश. २००५ मध्ये ते समिटलाच चालून आले होते. केवळ फिरते व्यासपीठ म्हणून निवड करायची झाली, तर माझे मत कूल रोबोटच्या बाजूने पडेल.

चाचणीच्या निकालाकडे मोकळ्या मनाने, पण हिशेबाने पाहावे. पाच आठवड्यांत ग्रोव्हरने सुमारे ३० किलोमीटर अंतरावरील रडारची माहिती गोळा केली. त्याचा सरासरी वेग ताशी दोन किलोमीटर होता. या वेगाने ३० किलोमीटर जायला पंधरा तास लागतात. सूर्य मावळत नाही म्हणून यान अहोरात्र काम करू शकेल, हा त्याच्या बाजूचा मोठा मुद्दा होता. त्याच्या तुलनेत पाच आठवड्यांचे हे उत्पन्न थोडेच म्हणावे लागेल. मात्र हा पहिलाच हंगाम होता, तापमान उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरत होते, आणि बॉयसीहून उपग्रहामार्फत पाठवलेल्या आज्ञा पाळत यान ठरवून दिलेल्या ठिकाणी स्वतः पोहोचले, हे विसरता येणार नाही. विद्यार्थ्यांच्या हातून घडलेल्या यंत्राला एवढे साधले, हे माझ्या दृष्टीने पूर्ण गुण देण्यासारखे आहे.

संदेशवहनाची व्यवस्था साधी आणि योग्य आहे. तळापासून तीन मैलांच्या आत वाय-फाय आणि त्यापलीकडे इरिडियम उपग्रह. यानाची प्रकृती कशी आहे एवढेच उपग्रहावरून कळते; रडारची सविस्तर नोंद यानातच साठवली जाते.

थंडीतल्या बॅटरीचा प्रश्न मात्र प्रत्येक तुकडीने स्वतः अनुभवावा असा आहे. आम्ही एका दुकानातून लिथियम-आयन बॅटरीचा संच आणला होता आणि तो उणे वीस अंशांपर्यंत चालतो, असे आम्हाला ठामपणे सांगण्यात आले होते. ओळखीच्या शीतगृहात रात्रभर ठेवून सकाळी पाहिले, तर संच मोटर फिरवत होता, पण सौरपट्टीकडून येणारी वीज घेतच नव्हता. शून्याखाली अशा बॅटरीत वीज भरू लागले तर आत लिथियमचा धातू जमून ती कायमची बिघडते, म्हणून संचातले संरक्षक सर्किट भरणच बंद करते. दुकानदाराने सांगितलेला आकडा केवळ वीज काढून घेण्याचा होता. भरण्याचा आकडा वेगळा असतो, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढच्या संचाला आम्ही थर्माकोलची पेटी केली आणि मोटरच्या नियंत्रकाची वाया जाणारी उष्णता तिच्यात वळवली.

या यानाचा एक गुण आकड्यांत मांडता येत नाही, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ते पूर्णपणे उन्हावर चालते. ज्या हिमाचा अभ्यास करायचा, त्याच्यावरच स्नोमोबाइलच्या धुराची काजळी टाकत जाणे हे निरीक्षकाला शोभणारे नाही, आणि समिटसारख्या स्वच्छ जागी तर ती काजळी पुढच्या मोजमापांतही येऊ शकते.

मराठी मुलखातल्या विद्यार्थ्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली आणि ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आज वास्कोमध्ये आहे. मैत्री आणि भारती या आपल्या केंद्रांच्या परिसरासाठी असे यान सुचवायचे असेल, तर एक मर्यादा आधीच मान्य करावी लागते: तेथे हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही, त्यामुळे नुसत्या उन्हावरचे यान उन्हाळ्यापुरतेच चालेल आणि हिवाळ्यात त्याला निवाऱ्यात आणून ठेवावे लागेल. या वर्षीच्या तुकडीला मी ग्रोव्हरचे पट्टे, कूल रोबोटची पेटी आणि साठ किलोंची वजनमर्यादा, एवढेच देऊन बसवले आहे. रडार लावायचे की हवामानाची साधने, हे त्यांनी संशोधकांना पत्र लिहून विचारायचे आहे, आणि उत्तर येईपर्यंत सांगाड्याच्या कामाला हात लावायचा नाही, असे ठरले आहे.