तलंगांची पिसं झडतायत? टॉनिक राहू द्या, ग्रोअर मॅशचं पोतं घ्या

तीन-चार महिन्यांच्या तलंगांची, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांची, पिसं झडायला लागली की खाद्याच्या दुकानात दोन वस्तू पुढे येतात: ग्रोअर मॅशचं (वाढत्या कोंबड्यांच्या भरडलेल्या खाद्याचं) पोतं आणि 'पिसं भरायला' म्हणून एखादं टॉनिक. परसात दहा-बारा पक्षी असतील तर पैसे पोत्यावर घाला. पण आधी पक्षी हातात धरून बघा, बऱ्याचदा दोन्हींचं काम नसतं.

दोन्ही अंगांना सारखीच पिसं गेली आहेत आणि तिथे निळसर सुयांसारखे कोंब दिसतायत? मग ही वयाची पीसगळ. अंड्यावर येईपर्यंत तलंग एकाहून जास्त वेळा पिसं बदलते, ती विस्कटलेली दिसणारच. शेपटीच्या मुळाशी पिसं मधूनच तुटलेली आणि कातडी लाल असेल तर शेजारणीनं टोच मारलीय. आणि शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पांढरट गुठळ्या चिकटल्या असतील तर ती उवांची अंडी. तिथे मॅश काय करणार? उवांची पावडर लावायची, आणि अंड्यांतून निघालेल्या नव्या उवांसाठी दहा दिवसांनी पुन्हा लावायची.

आता पोतं. ग्रोअर मॅशमध्ये प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम सुमारे १ टक्का असावं. लेबलवर कॅल्शियम ३ टक्क्यांच्या वर दिसलं तर ते लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य, अंडी न घालणाऱ्या तलंगेच्या मूत्रपिंडाला ते जड जातं. पेलेटपेक्षा (दाबून केलेल्या गोळ्यांपेक्षा) मॅश बरा, कारण तो खायला वेळ लागतो आणि चोच कामात राहते. पेलेट भराभर संपतात, मग रिकामी चोच शेजारणीच्या शेपटीकडे वळते.

एवढं चांगलं खाद्य आणून लोक त्यात निम्मा मक्याचा भरडा ढकलतात. मक्यात प्रथिनं ९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मिश्रण साडेबारावर आलं. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच, ते भरणार कशातून? शिवाय मीठही निम्म्यावर येतं, आणि मीठ कमी पडलं की टोचाटोची वाढते. मका, कणी संध्याकाळी मूठभर, बास.

मॅशची एक खोड आहे. तलंगा वरचे मक्याचे कण वेचतात आणि तळाला पिठूळ चुरा ठेवतात. मेथिओनिन (पिसांना लागणारा प्रथिनांचा एक घटक), जीवनसत्त्वं, मीठ बरंचसं त्या चुऱ्यातच असतं. भांडं दिवसातून एकदा रिकामं होऊ द्या, तोवर वरून नवं ओतू नका. उरलेला चुरा पाणी शिंपडून ओलसर केला की चट्टामट्टा होतो. मात्र तासा-दोन तासांत संपेल एवढाच भिजवा, आंबला तर फेका.

टॉनिकचा हिशेब सोपा आहे. दिवसाला ७० ग्रॅम खाणाऱ्या तलंगेला खाद्याच्या ०.३५ टक्के धरलं तरी सुमारे २४५ मिलिग्रॅम मेथिओनिन लागतं. बाटलीवर '१०० पक्ष्यांना ५ मिली' लिहिलं असेल तर वाट्याला येतं ०.०५ मिली. सगळी बाटली निव्वळ मेथिओनिनची मानली तरी ते ७० मिलिग्रॅमच्या आतच! प्रवासाच्या किंवा लसीच्या ताणात जीवनसत्त्वं द्यायला बाटली ठीक, पिसांसाठी नाही.

पोत्याचा एक तोटा मात्र खरा. बारा तलंगा दिवसाला ८४० ग्रॅम खातात, म्हणजे ५० किलो जवळपास दोन महिने पुरतं. पावसाळ्यात तेवढ्यात बुरशी धरते. शेजाऱ्यासोबत निम्मं वाटून घ्या, पोतं फळीवर आणि भिंतीपासून सुटं ठेवा. सुटं घेणार असाल तर दुकानदाराला पोतं हलवून, तळापासून मापायला सांगा, नाहीतर चुरा त्याच्याकडेच राहतो.

खाद्य बदललं म्हणून आठवड्यात फरक दिसत नाही. मुळासकट उपटलेलं पीस काही आठवड्यांत भरतं, पण मधून तुटलेल्याचा खुंट पुढच्या पीसगळीपर्यंत तसाच राहतो. नव्या कोंबांत रक्त असतं आणि बाकीच्या नेमकं तेच टिपतात, म्हणून जखमी तलंग जाळीच्या आड पण सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. पूर्ण लपवली तर परत सोडल्यावर पुन्हा मारामारी ठरलेली.

मॅशला पाचपैकी चार, एक गुण चुऱ्यापायी कापला. टॉनिकला पाचपैकी एक.